मिक्सरला लावली की गिटार का घोंघावते?

प्रश्न : काका, आमचा भीमगीतांचा ग्रुप आहे. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, दोन गायक आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. चौदा एप्रिलपासून मे संपेपर्यंत गावोगाव कार्यक्रम असतात. घरी दहा वॅटच्या ॲम्पवर गिटार झकास वाजते. स्टेजवर मात्र साउंडवाले म्हणतात, "पिन इकडं दे, डायरेक्ट लावतो." मग क्लीन वाजवली तर आवाज मेलेला, आणि डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं की डब्यात कोंडलेली माशी घोंघावते तसं. गायक मागं वळून बघतात. नवी गिटार घेऊ का? जवळ दहा हजार आहेत.
— एक वाचक, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : गिटार आहे तीच राहू द्या. घरी झकास वाजते म्हणता ना, मग दुखणं पिनेच्या पुढं आहे.

इलेक्ट्रिक गिटारचा म्हणून जो आवाज आपल्या कानात बसलाय, त्यातला मोठा वाटा ॲम्पमधल्या स्पीकरचा असतो. हा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढं झपाट्यानं गप्प होतो. डिस्टॉर्शन म्हणजे सूर मुद्दाम फाडणं. फाडला की वरच्या पट्ट्यात भरमसाट चरचर तयार होते आणि ॲम्पचा स्पीकर ती गिळून टाकतो. मंडपातल्या टॉपमध्ये (लोकांकडं तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरमध्ये) वरच्या सुरांसाठी हॉर्न बसवलेला असतो. गायकाचा 'स' आणि झांजेची किणकिण लांबवर स्वच्छ जावी, हे त्याचं काम. तो तुमची चरचरही तितक्याच इमानानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. साउंडवाला ट्रेबल कमी करून बघतो, पण त्यानं नुसता गिटारचा जीव जातो, चरचर पुरती मरत नाही.

क्लीन आवाज मरतो त्याचं कारण वेगळं. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल. तिला समोर १ मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट बहुतेक १०-२० किलोओहमचं. तेवढ्या ओझ्याखाली वरची चमक दबते. त्यात स्टेजपासून मिक्सरपर्यंत वीस मीटरची साधी गिटार केबल ओढली, की उरलीसुरली चमक केबल खाते. यावर इलाज डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा नाजूक सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी डबी : गिटार ते डीआय पाच-सहा मीटरच्या आत, आणि तिथून पुढं माइकच्या केबलनं कितीही लांब जा. काही मिक्सरांवर एखाद्या चॅनलला 'हाय-झेड' नावाचं बटण असतं, तेही चालतं. फक्त तो मिक्सर स्टेजजवळ हवा. पण डीआयनं माशी जात नाही, एवढं ध्यानात ठेवा. डिस्टॉर्शनला स्पीकरच पाहिजे, खरा नाहीतर खोटा.

खरा तुमच्या घरीच आहे. तो दहा वॅटचा ॲम्प गाडीत टाका. लोकांना ॲम्प ऐकवायचा नाहीये, लोक टॉपमधूनच ऐकणार. ॲम्प फक्त माइकला ऐकवायचा. तुमच्या बाजूला खुर्चीवर ठेवा, जरा कलता, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल. मोबाइलची बॅटरी लावून जाळीतून आत बघा. स्पीकरच्या मधोमध वाटीसारखी टोपी दिसेल. माइक जाळीपासून दोन बोटं लांब, तोंड त्या टोपीच्या कडेवर. बरोबर मध्यावर आणलात की आवाज टोचतो, टोपीभोवतीच्या कागदाकडं सरकवलात की गोल होतो. दोन बोटांच्या सरकासरकीत जो फरक पडतो, तो मिक्सरच्या खुंट्या पिळून पडत नाही. या कामाला जगभर शुअरचा एसएम ५७ वापरतात, १९६५ पासून. साउंडवाल्याकडं तो नसेल तर गाण्याचा ५८ मागून घ्या, छान भागतं. ढोलकीवाल्याला मात्र त्या माइकपासून लांब बसवा.

ॲम्प न्यायचाच नसेल (सहा जण, सगळी वाद्यं आणि एकच जीप, मला माहितेय), तर दहा हजारांत सेकंडहँड मल्टी-इफेक्ट्स (अनेक इफेक्ट एकाच मशिनीत) बघा. त्यात कॅबिनेट सिम्युलेशन किंवा आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा डिजिटल ठसा) असलंच पाहिजे. हाच तो खोटा स्पीकर. दुकानदार शंभर इफेक्ट दाखवील, तुम्ही एवढंच विचारा. पीएला (मंडपातल्या साउंड सिस्टीमला) लावताना कॅबिनेट चालू ठेवायचं. त्याच मशिनीतून घरच्या ॲम्पला लावाल तेव्हा बंद, नाहीतर दोन स्पीकर एकावर एक चढून आवाज घोंगडीखाली जातो. एकच पिन लावायची असेल तर 'लेफ्ट/मोनो'ला. इथं डीआय असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. लाइन इनपुटला मशीन चालतं.

आता सेटिंग. घरी हळू आवाजात बनवलेलं सेटिंग स्टेजवर उघडं पडतं. आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचं आणि वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण बेस-ट्रेबल वाढवतो, मिड पाडतो. मंडपात तेच बदाबदा आणि चरचर होतं, मधली गिटार गायबच. तालमीला एखादा टॉप मागवा, कार्यक्रमाइतका मोठा करा आणि त्यावर सेटिंग बनवा. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) घरच्यापेक्षा निम्म्यावर, रिव्हर्ब (घुमारा) जवळपास शून्य, मिड वर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तरी शंभरच्या खालचं बिनधास्त कापायला सांगा, तिथं ऑक्टोपॅडचा किक आणि ढोलकीचा धूम असतो. डिजिटल मिक्सर असेल तर वरूनही ५-६ हजारांवर कापा. एकट्यानं वाजवताना हे सेटिंग नाकातून बोलल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

आणि कीबोर्डवाल्याशी एकदा बोला. मुखड्याला तो दोन्ही हातांनी स्ट्रिंग्ज दाबून धरत असेल तर गिटारला जागा कुठून उरणार? हे मिक्सरवर बसून मला सुटत नाही, तुम्हीच सोडवायचं.

प्रश्न : मी गिटार वाजवत गातो. जनरेटरवर कार्यक्रम असला की माइकला ओठ लागताच झिणझिण्या येतात. माइकला स्पंज लावला, जरा कमी झालं. हे चालेल का?
— एक वाचक, सेनगाव (जि. हिंगोली)

उत्तर : नाही चालणार. आज झिणझिण्या आहेत, उद्या पाय ओल्या जमिनीवर असेल.

गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या बॉडीला. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या. त्यातल्या एकाची अर्थिंग तुटलेली, की मधली वायर तुम्ही. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, तीन पिनांच्या प्लगनंच. घूं आवाज जावा म्हणून तिसरी पिन कापणारे भेटतील, त्यांना तुमच्या वस्तूला हात लावू देऊ नका. घूं साठी डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं. जनरेटरवाल्यानं अर्थिंगची सळई खरंच ठोकलीय का, स्वतः जाऊन बघा. एप्रिलात आपली काळी माती भेगाळून कोरडीठक्क होते, अशा मातीत सळई नुसती उभी असते. खोल ठोकायला लावा, बुडाशी मिठाचं पाणी ओता, मध्यंतरात परत. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

माइक हातात घेण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. काटा हलला तर वायरमन येईपर्यंत गिटार पेटीत.