काठ, गोंडा की पदर?

बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानातील (९:२०) बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येशूच्या वस्त्राच्या ‘काठाला’ शिवली असे म्हणावे की ‘गोंड्याला’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते ‘गोंडा’च योग्य. मूळ ग्रीक ‘क्रास्पेदोन’ या शब्दाचे काठ आणि काठाला लोंबणारा गोंडा असे दोन्ही अर्थ होतात. परंतु हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात गणना या पुस्तकातील (१५:३८) ‘त्सीत्सीत’ म्हणजे वस्त्राच्या कोपऱ्याचा गोंडा या हिब्रू शब्दासाठी नेमका हाच शब्द योजलेला आहे, आणि मत्तय २३:५ मध्ये शास्त्री व परूशी (यहुदी धर्मशिक्षक व नियमशास्त्र काटेकोर पाळणारा पंथ) तो ‘मोठा करतात’ असे म्हटले आहे, तिथेही गोंडा हाच अर्थ सरळ लागतो.

हे गोंडे केवळ शोभेचे नव्हते. वस्त्राच्या कोपऱ्यांना ते लावून प्रत्येकात एक निळा धागा घालावा आणि त्यांकडे पाहून परमेश्वराच्या आज्ञांचे स्मरण करावे, अशी आज्ञा इस्राएल लोकांना होती. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाचे मूल्यही असते; ‘त्सीत्सीत’च्या अक्षरांचे अंकमूल्य ६००, त्यात गोंड्याचे ८ धागे आणि ५ गाठी मिळवल्या की धर्मशास्त्रातील ६१३ आज्ञांची संख्या येते, असा मेळ नंतरच्या यहुदी परंपरेने घातला.

भाषेच्या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो तो ज्या कोपऱ्याला गोंडा बांधायचा त्याचा हिब्रू शब्द, ‘कानाफ’. त्याचा अर्थ कोपरा, किनार आणि पंखही. बायबलमधील रूथच्या पुस्तकात बवाज हा तिच्या दिवंगत पतीचा नातेवाईक तिला म्हणतो की तू परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस (२:१२), आणि पुढे रूथ त्यालाच आपला ‘कानाफ’ तिच्यावर पसरण्याची विनंती करते (३:९). तिने त्याचाच शब्द त्याच्यापुढे ठेवला आहे. इथे मराठीत ‘पदर’ फार जवळचा, कारण ‘पदराखाली घेणे’ यात आश्रयाचा अर्थ आपसूक येतो. मात्र ‘पदर’ या शब्दाला पंख हा अर्थ नसल्यामुळे दोन वचनांमधला दुवा तुटतो, आणि तो टीप देऊनच सांगावा लागतो.

प्राचीन मेसोपोटेमियात मातीच्या करारपट्टिकेवर मुद्रेऐवजी वस्त्राच्या किनारीचा ठसा उमटवण्याची पद्धत होती, म्हणजे किनार त्या माणसाच्या जागी उभी राहत असे. हे ध्यानात घेतले की दाविदाने गुहेत आपला पाठलाग करणाऱ्या शौल राजाच्या झग्याचा ‘कानाफ’ गुपचूप कापला (१ शमुवेल २४), शौलाच्या अंगाला धक्काही लावला नाही, तरी त्याचे मन त्याला का खाऊ लागले, ते उमगते.