तो फोन तू का केला नाहीस?

प्रश्न : ताई, मी पंचवीस वर्षांची. नर्सिंग पूर्ण करून आठ महिन्यांपूर्वी एका हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले. आमच्या शिफ्टला एक सीनियर सिस्टर आहेत. कामात पक्क्या, डॉक्टरही त्यांना विचारून करतात. पण मी हँडओव्हर द्यायला, म्हणजे शिफ्ट संपताना पेशंटची माहिती सांगायला लागले की त्या मान फिरवून दुसऱ्यांशी बोलतात, नाहीतर सगळ्यांदेखत म्हणतात, ‘एवढंही येत नाही?’ गेल्या महिन्यात माझ्याकडून ट्रेमध्ये एक वस्तू ठेवायची राहिली, तर त्यांनी फोटो काढून वॉर्डच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. ड्यूटी लिस्ट त्याच लावतात, त्यामुळे नाइट बहुतेक माझ्याच वाट्याला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाच्या एका ऑर्डरमध्ये डोस ०.५ लिहिलाय की ५, ते कळेना. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण आधी एकदा शंका विचारली तेव्हा ते फोनवर ओरडले होते आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून हसल्या होत्या. मी फोन केलाच नाही. जुना चार्ट बघून अंदाजाने ०.५ दिलं. बरोबर निघालं, पण तेव्हापासून झोप उडाली आहे. लिफ्टमध्ये शिरलं की पोटात गोळा येतो. सगळ्या म्हणतात, कातडी जाड कर, आम्हीही यातूनच गेलो. आणि हे लिहायला लाज वाटते, पण काल एका विद्यार्थिनीने विचारलं, बीपी परत घेऊ का, तर माझ्या तोंडून तेच निघालं : ‘एवढंही येत नाही?’ ताई, नोकरी सोडू का?
– एक सिस्टर

उत्तर : सिस्टर, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. टोमणे, फोटो, नाइट हे सगळं वाईटच आहे. पण न केलेला फोन त्याहून वाईट, आणि तुझी झोपही त्यानेच उडवली आहे.

आधी कडू बोलून घेते. अंदाजाने डोस देणं चूक होतं. ०.५ आणि ५ यांत दहापटीचा फरक आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ती चूक तुझ्या एकटीच्या डोक्यात जन्मली नाही. अमेरिकेत औषधांच्या सुरक्षित वापरावर काम करणाऱ्या एका संस्थेने २००३ मध्ये दोन हजारांहून अधिक नर्स, फार्मासिस्ट वगैरेंना विचारलं होतं. जवळपास निम्म्यांनी सांगितलं की, पूर्वी कुणी दरडावल्यामुळे ऑर्डरबद्दल शंका विचारण्याची आपली पद्धतच बदलली. त्यांनीही तुझ्यासारखाच फोन उचलून परत ठेवला असणार.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला इस्रायलमधला एक प्रयोग तर मला फारच बोलका वाटतो. नवजात अतिदक्षता विभागातल्या चोवीस टीमना, प्रत्येकीत एक डॉक्टर आणि दोन नर्स, खोटा पण हुबेहूब प्रसंग दिला : वेळेआधी जन्मलेलं बाळ अचानक बिघडत चाललंय. काही टीमना त्यांचं काम बघणाऱ्या परदेशी तज्ज्ञाने मधूनच सुनावलं की, इथल्या वैद्यकीय सेवेबद्दल आपलं मत काही चांगलं नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसता खोचक शेरा. त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तर दिसलं की, ती माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली होती, मदत मागेनाशी झाली होती. तुझ्या वॉर्डात हा प्रयोग रोजच्या हँडओव्हरला चालू आहे, फक्त बाळ खोटं नाही.

म्हणून ‘कातडी जाड कर’ हा सल्ला मी तुला देणार नाही. कातडी जाड झाली की टोमणा लागत नाही हे खरं, पण मग मॉनिटरवरचा बारीकसा बदलही लागेनासा होतो. आणि ‘आम्हीही यातूनच गेलो’ म्हणणाऱ्यांची मला मनापासून कीव येते. सासुरवास काढलेल्या सुनेने सासू झाल्यावर तेच करावं, तसं हे झालं. नर्सिंगमध्ये याला जुना शब्दप्रयोगच आहे, आपलीच पिल्लं खाणं. १९८६ पासून हा प्रश्न त्याच शब्दांत छापून येतोय.

मात्र एक भेद मनाशी स्पष्ट ठेव. पेशंटचं हृदय थांबलंय आणि कुणी ओरडलं, ‘बाजूला हो, श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग दे!’ तर तो छळ नव्हे. तुझी खरी चूक कुणी बाजूला घेऊन कडक शब्दांत दाखवली, तोही नव्हे. एखाद्या दिवशी कुणी चिडलं, नंतर वरमलं, तेही सोडून दे. पण तीच व्यक्ती, तेच लक्ष्य, पुन्हा पुन्हा, चारचौघांत, आणि हातात ड्यूटी लिस्टची सत्ता, तर तो छळच. तुझ्या पत्रातल्या बहुतेक गोष्टी या दुसऱ्या बाजूला पडतात. डॉक्टरांचं एकदाचं ओरडणं कुठल्या बाजूला, ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

आता काय करायचं. सुरुवात फोनपासूनच. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ते आधीच ठरवून ठेवायचे. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी या चार पायऱ्यांत बोलायची पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून हॉस्पिटलांत आली. तुला बहुधा शिकवलीही असेल, भीतीपोटी विसरली असशील. ‘सर, आयसीयूतून बोलतेय. तीन नंबरच्या पेशंटच्या ऑर्डरमध्ये डोस ०.५ आहे की ५, दशांश चिन्ह स्पष्ट नाही. कालपर्यंत ०.५ चालू होतं. तुम्ही सांगितल्याशिवाय मी देणार नाही.’ ते सांगतील तो आकडा त्यांना परत वाचून दाखव. ओरडले तर ओरडू देत, पण आकडा घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. ‘मला हे सुरक्षित वाटत नाही’ हे वाक्यही जवळ ठेव. त्यात पेशंटचं नाव पुढे येतं, तुझं मागे राहतं, म्हणून ते उच्चारायला सोपं जातं.

सिस्टरांसाठीही असंच. बॉस्टनमध्ये नर्सिंगच्या अभ्यासक मार्था ग्रिफिन यांनी नव्याने लागलेल्या सव्वीस नर्सना अशी उत्तरं छोट्या कार्डांवर लिहून दिली होती, ओळखपत्रामागे ठेवायला, आणि ती म्हणायचा सरावही करून घेतला होता. २००४ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. तू आरशासमोर कर, हसू आलं तरी कर. सिस्टरांनी मान फिरवली की थांबायचं. ‘सिस्टर, तुमचं झालं की पुढचं सांगते. औषधाच्या पंपाचा रेट बदललाय, तो तुम्ही ऐकायला हवा.’ आणि टोमण्यावर : ‘यात माझं काय चुकलं ते मला बाजूला सांगाल का? मला शिकायचंय.’ आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर येऊ दे, वाक्य मात्र पुरं करायचं.

एक वही कर. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, त्याचा कामावर काय परिणाम झाला. ‘त्या फार दुष्ट आहेत’ असलं काही त्यात नको. ग्रुपवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट ठेव. पण पेशंटचं नाव वा नंबर वहीतही नको, फोनमध्येही नको, नाहीतर तक्रार राहील बाजूला आणि तूच गोत्यात येशील. ड्यूटी लिस्टच्या प्रती ठेव. नाइटचा आकडा स्वतःच बोलेल.

मग लेखी तक्रार कर, वॉर्डच्या इन्चार्जकडे. ती इन्चार्ज त्या सिस्टरांचीच मैत्रीण असेल तर तिच्या वरच्यांकडे, म्हणजे मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंट, आणि पेशंट सेफ्टी बघणाऱ्यांकडेही. त्या अस्पष्ट ऑर्डरचा इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे काय घडलं त्याची लेखी नोंद, भर. होय, स्वतःचं न विचारणंही त्यात लिही. मला माहीत आहे, हे मी फार सहज सांगतेय. पण संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॉस्पिटलच्या वॉर्डांतल्या औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या चुका जास्त दिसल्या, कारण तिथली माणसं त्या लपवत नव्हती. तुझा वॉर्ड कुठल्या प्रकारचा आहे, ते या एका कागदाला काय उत्तर मिळतं त्यावरून तुला कळेल. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८ मध्येच दरडावणीला पेशंटच्या सुरक्षिततेचा धोका म्हटलंय, त्यामुळे तुझी तक्रार ‘बायकांची भांडणं’ म्हणून कुणी उडवायला लागलं, तर हे सांग.

नोकरीचं विचारलंस. आज सोडू नकोस, रात्रीची झोप नसताना असले निर्णय घेऊ नयेत. आधी झोप आणि तो पोटातला गोळा घेऊन डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. लेखी तक्रारीनंतर वॉर्ड बदलून माग. दोन-तीन महिने वाट बघूनही काही हललं नाही, तर खुशाल दुसरीकडे अर्ज कर आणि सोडताना कारण लिहून दे. त्याला कुणी पळपुटेपणा म्हटलं तर म्हणू दे.

राहिली ती विद्यार्थिनी. तुला लाज वाटली हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आठ महिन्यांत सिस्टरांचं वाक्य जसंच्या तसं तुझ्या तोंडी आलं; त्यांच्या तोंडीही ते असंच कुणाकडून तरी आलं असेल. तिचं विचारणं तर बरोबरच होतं. बीपीची शंका आली तर ते परत घ्यायचंच असतं, आणि नेमकं तेच तू ऑर्डरच्या बाबतीत केलं नाहीस. पुढच्या ड्यूटीला ती दिसली की, तिला ज्यांच्यादेखत बोललीस त्यांच्यादेखतच सांग, ‘परवा तू बरोबर विचारलंस, मी चुकीचं बोलले.’ सिस्टर तिथे असल्या तरी सांग. मग बीपी मोजायचा दंडाचा पट्टा तिच्या हातात दे आणि बीपी परत घ्यायला लाव.

– ताई