पोर्ट्रेटसाठी ५० एमएमची प्राइम लेन्स घ्यावी का, की आहे त्यावरच भागवावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की कॅनन १५००डी आहे, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन्ही लेन्स आहेत, घरच्यांचे आणि जास्त करून पुतणीचे फोटो काढता, आणि मागचं सगळं धूसर होऊन चेहरा उठून दिसावा म्हणून ५० एमएम एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी, एकाच एमएमची लेन्स) घ्यावी का, का सरळ ८५ एमएमचीच घ्यावी. मी पण नागपूरचाच, फोटोग्राफी माझा धंदा नाही, नोकरी सांभाळून हौस करून राहिलो, त्यामुळे पैसे घालवून जे कळलं तेवढंच सांगतो.

फक्त मागचं धूसर करायला घेत असाल तर सध्या थांबा, ते सामान तुमच्या बॅगेतच पडून आहे. एफच्या पुढचा आकडा म्हणजे भागाकार असतो, लेन्सच्या एमएमला (म्हणजे फोकल लेंथला, ती जितकी मोठी तितकं लांबचं जवळ दिसतं) त्या आकड्याने भागलं की उजेड आत घेणाऱ्या भोकाचा व्यास निघतो, आणि चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर लांबचं बॅकग्राउंड किती विरघळेल हे बहुतेक त्या व्यासावर असतं. ५० ला १.८ ने भागा, २८ मिलिमीटरच्या आसपास येतं. तुमच्या ५५-२५० ला २५० वर एफ ५.६ मिळतं, म्हणजे जवळपास ४५! आणि कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर ५.६ म्हणजे जेमतेम १०, म्हणून तिच्यावर काही होत नाही आणि आपल्याला वाटतं की प्राइमशिवाय इलाज नाही. एका रविवारी सकाळी पुतणीला अंबाझरीच्या बागेत न्या, तिच्या मागे झाडं चांगली लांब राहतील असं उभं करा, तुम्ही २५ फूट मागे जा आणि २५० वर डोकं-खांदे घ्या. मागे हिरवा पडदा लावल्यासारखं दिसेल. ओरडून बोलावं लागतं एवढाच त्रास, आणि येणारे-जाणारे मधातून जातात.

आता घरातलं बोला. तिथे २५ फूट कुठून आणणार, आणि उजेड तर त्याहून कमी. मी प्राइम घेतली ती तान्ह्या पोळ्यामुळे, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणामुळे. भाच्याला धोतर-फेटा घालून सजवला होता, बाहेर अंधारून आलेलं म्हणून निघायच्या आधी घरातच ट्यूबलाइटखाली फोटो काढले, किट लेन्सवर ५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६००, शटर १/१५ सेकंद उघडं. घरी कॉम्प्युटरवर बघतो तर लाकडी बैल एकदम कडक आलेला, त्याच्या शिंगाला लावलेला बेगडाचा कागद पण मोजून घ्या, आणि ज्याचा फोटो काढायचा होता तो पोट्टा नुसता पांढरा फराटा. लेन्समध्ये स्टॅबिलायझर होतं ना, पण ते आपला हात सांभाळतं, समोरचं पोरगं हललं तर ते काय करणार. तोच फोटो एफ १.८ वर काढला असता तर साडेनऊ पट उजेड, म्हणजे शटर १/१२५ च्याही पुढे गेलं असतं. खरा फायदा हा आहे, धूसर बॅकग्राउंड वरून फुकटात. (आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली शटर फार वर नेलं तर फोटोत पट्टे येतात, तसं झालं तर १/१०० वर या.)

घेताना मी फसलो ते पण ऐका. माझी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉन डी५३००, दुकानदाराने स्वस्तातली ५० एमएम १.८डी हातात ठेवली, "सब में चलता है". लेन्स बसली, फोटोही निघाला, पण ऑटोफोकस काही फिरेच ना. त्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते आणि डी५३०० मध्ये ती नाही. परत घ्यायला तयार नाही, वर मलाच म्हणतो हाताने फिरवा, प्रोफेशनल लोक तसंच करतात. तुमच्या कॅननला ही भानगड नाही, ईएफ ५० मध्ये मोटर आतच असते. फक्त सेकंडहँड बघत असाल तर जुनी मार्क टू आणि २०१५ ची एसटीएम या दोन आवृत्त्यांत एसटीएमच घ्या, जुनीचा माउंट (कॅमेऱ्यात अडकणारा भाग) प्लास्टिकचा आणि फोकस करताना आवाज करते, एसटीएमचा माउंट धातूचा आणि ३५ सेंटिमीटरवरून पण फोकस धरते. आणि मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, घेऊ नका.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात सगळेच जे करतात ते तुम्हीही कराल, सगळे फोटो १.८ वर. दीड मीटरवरून एफ १.८ ला फक्त सहा सेंटिमीटरचा भाग शार्प येतो, त्यात चेहरा जरा तिरपा असला की एक डोळा आत एक बाहेर. माझ्या आईचा असा एक फोटो आहे ज्यात नथ झकास आली आणि डोळे झोपेतले. घरात २.२ ते २.८ ठेवा, फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर टाका, मधल्या पॉइंटने फोकस धरून मग फ्रेम हलवायची सवय असेल तर ती सोडा.

आणि आपलं ऊन! मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात आयएसओ १०० वर एफ १.८ ठेवायचं तर शटर १/८००० लागतं, तुमच्या कॅमेऱ्याचं १/४००० ला संपतं, म्हणजे फोटो पांढराफटक. तसंही त्या उन्हात चेहऱ्याचा फोटो काहून काढायचा, डोळ्याखाली खड्डे येतात, सावलीत न्या माणसाला. मारबतीच्या मिरवणुकीत मी ही लेन्स एकदा नेली, इतवारीच्या गर्दीत मागे सरकायला वीतभर जागा नाही, शेवटी किट लेन्स लावली १८ वर.

तर ८५ का ५०, हे तुमच्या घरावर आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून त्यावर ५० म्हणजे ८० सारखं दिसतं, पोर्ट्रेटला तेच पाहिजे, डोकं-खांदे पाच-साडेपाच फुटांवरून येतात, उभा माणूस पूर्ण घ्यायला साधारण १५ फूट. ८५ लावली तर तोच उभा माणूस २५ फुटांवर जातो, म्हणजे फोटो काढणारा शेजाऱ्याच्या अंगणात. आठ दिवस किट लेन्सची रिंग ५० वर फिरवून वरून चिकटपट्टी लावा आणि घरात तेवढ्यावरच फोटो काढा. पाठ सारखी भिंतीला लागत असेल तर ५० पण नका घेऊ, ३५ च्या आसपासचं बघा. नाही लागली तर ५० घेऊन टाका. ८५ चं डोक्यात असेलच तर आधी हॉल किती फुटांचा आहे ते सांगा, मग बोलू.