हवेच्या कामावर नेमणूक झाली म्हणून खंतावणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नदीखालच्या बोगद्याच्या कामावर रुजू होऊनही आपल्याला खोदकामाऐवजी वायुवीजनाच्या गटात घातले, ही खंत तुझ्या पत्रात ओळीओळीला जाणवली. बोगदा म्हटला की माती, पाणी आणि खोदयंत्र हेच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे ती स्वाभाविक आहे. तरीही न्यूयॉर्क आणि जर्सी सिटी यांना हडसन नदीखालून जोडणाऱ्या हॉलंड बोगद्याचा इतिहास तू एकदा बारकाईने वाचावास, असा माझा आग्रह आहे.

त्या बोगद्याचे काम १९२० मध्ये सुरू झाले, तेव्हा पाण्याखाली खोदण्याची विद्या नवी राहिलेली नव्हती. थेम्सखालचा ब्रुनेल यांचा बोगदा १८४३ मध्येच खुला झाला होता आणि खुद्द हडसनखालून रेल्वे धावत होती. पोलादी ढाल पुढे रेटायची, दाबाखालच्या हवेने गाळ आणि पाणी थोपवायचे आणि मागोमाग बिडाची कडी बसवत जायचे, ही रीत ठरून गेली होती. ठरलेले नव्हते ते एवढेच, की पेट्रोलवर चालणाऱ्या हजारो मोटारी दीड मैलाहून लांब नळीतून अहोरात्र जाऊ लागल्या, तर आतल्या माणसांनी श्वास कसा घ्यायचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, म्हणून धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड नेमणुकीच्या वेळी अवघे ३६ वर्षांचे होते. पनामा कालवा पूर्ण करणारे गोथल्स यांनी काँक्रीटच्या एकाच मोठ्या, दुमजली नळीची योजना सुचवली होती. एवढ्या दबदब्याच्या माणसाची योजना हॉलंड यांनी तपासून बाजूला ठेवली आणि दोन स्वतंत्र नळ्यांचा आग्रह धरला. (असे धैर्य दाखवायचे तर हिशेबाची वही आधी पक्की हवी, हे तुला वेगळे सांगायला नको.)

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र पुढची पायरी. पंखे किती लागतील हे मोजण्याआधी त्यांनी माणसाला किती वायू सोसतो हे शोधले. येल विद्यापीठात हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत वायू सोडून स्वतःवर आणि स्वयंसेवकांवर प्रयोग केले, आणि दहा हजार भागांत चार भाग एवढे प्रमाण तासभर सोसता येते असा निष्कर्ष काढला. पेनसिल्व्हेनियातल्या प्रायोगिक खाणीत लंबवर्तुळाकार वाट खोदून तिच्यात खरोखरच्या मोटारी फिरवण्यात आल्या. मग उत्तर आकाराला आले: ताजी हवा रस्त्याखालच्या पोकळीतून आणून कडेच्या फटींतून सोडायची आणि दूषित हवा छतावरच्या पोकळीतून ओढून घ्यायची. हवा नळीच्या लांबीने ढकलली असती, तर आत वादळच सुटले असते. दोन्ही काठांवर मिळून चार इमारती उभ्या राहिल्या, त्यांत ८४ पंखे बसले आणि दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा पालटू लागली.

ही रचना मुख्यतः नॉर्वेत जन्मलेल्या ओले सिंगस्टाड यांची. हॉलंड १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांना भिडण्याच्या तोंडावर, वयाच्या ४१ व्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर आलेले मिल्टन फ्रीमन काही महिन्यांतच न्यूमोनियाने वारले आणि काम सिंगस्टाड यांनी तडीस नेले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बोगदा वाहतुकीला खुला झाला आणि पहिल्याच दिवशी त्यातून ५० हजारांहून अधिक वाहने गेली. नाव हॉलंड यांचे राहिले, तेही अनेकांना देशाचे वाटते. सिंगस्टाड यांचे नाव तर क्वचितच कानावर येते.

१३ मे १९४९ रोजी कार्बन डायसल्फाइडची पिंपे वाहणारा एक ट्रक या बोगद्यात पेटला. ६६ माणसे जखमी झाली, छताची आणि भिंतींची मोठी हानी झाली, पण जागच्या जागी कोणी दगावले नाही. कडेच्या फटी आणि छतावरची वाट यांची आखणी करणाऱ्या गटालाही त्याचे श्रेय जाते, आणि तू आज ज्या टेबलाशी बसतोस ते तशाच गटाचे आहे.

पुढच्या पत्रात एवढे कळव: तुमच्या आराखड्यात आगीच्या वेळी किती धूर धरला आहे, तो आकडा कुठून घेतला, आणि एक पंखा बंद पडला तर त्याचे काम कोणता पंखा करणार आहे. आकडे हाती आल्यावर नकाशा समोर ठेवून सविस्तर लिहीन.

तुझा,
एक जुना सहकारी