गप्प वाचकाची बाजू

प्रिय मित्रा,

तुझ्या चित्रकथा-मालिकेच्या चौथ्या भागात मारलेला नावाडी चाहत्यांच्या आग्रहाखातर जिवंत करावा की नाही, या पेचात तू पडलास आणि त्यापायी पंधरा दिवस नुसत्या प्रतिक्रिया वाचत बसलास, हे कळल्यावर मला तुझी काळजी वाटली आणि, खरे सांगतो, थोडा रागही आला.

ज्यांना तू वाचक म्हणतोस ते बोलणारे लोक आहेत. वाचक पाने उलटतो आणि बहुधा गप्प असतो. १९८८ साली बॅटमॅनच्या साथीदाराला, जेसन टॉडला, मारायचे की जगवायचे हे फोनवरच्या मतदानाने ठरले. मारा म्हणणारी मते ५,३४३ आणि जगवा म्हणणारी ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी पोरगा गेला. एकाच माणसाने कितीदा फोन फिरवला हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि ज्यांनी फोन केलाच नाही त्यांच्या मनात काय होते हे तर मुळीच नाही.

उलट, अमेरिकन चित्रकथाकार रैना टेल्गेमायर यांचे २०१० चे ‘स्माइल’ हे चित्रकथेचे पुस्तक पाहा. शाळकरी मुलांनी ते अक्षरशः डोक्यावर घेतले. पण बहुतेक समाजमाध्यमांवर तेरा वर्षांखालच्या मुलांना खातेच उघडता येत नाही, मग तो वाचक तुला तिथे भेटणार कसा? तो शोधायचा तर ग्रंथालयातली प्रत हातात घे: शिवण सुटलेली, कोपरे मऊ पडलेले, एखाद्या पानावर बोटांचे डाग. ती त्याची प्रतिक्रिया.

चाहते वाईट नसतात. मागच्या भागात डाव्या गालावर असलेला व्रण या भागात उजव्या गालावर गेला, हे तेच पकडतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. परंतु त्यांना आवडते पात्र हवे असते, वाचकाला पुढचे पान. माझ्या मालिकेतली म्हातारी मी परत आणली नाही म्हणून मला हेकट ठरवले गेले, मालिका त्यामुळेच बुडाली असे आजही सांगतात. वितरकाने थकवलेल्या पैशांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ते असो. आज विचारलेस तरी ती मेलेलीच राहील.

‘चाहते दुखावतील’ हे कारण मला पुन्हा लिहू नकोस. तुझ्या रेषेत जोर आहे, म्हणूनच इतके बोलतो. पुढच्या भागाची पाने छापून घे, तुझे नावही न ऐकलेल्या कुणाच्या तरी हाती दे आणि तो कुठे रेंगाळतो, कुठे मागे वळतो, कुठे न वाचताच पान उलटतो, एवढे बघून मला कळव.

तुझा,
एक जुना चित्रकार