मुंगीचं डोकं उडवणारी माशी

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत मिलीबगमुळे (पिठ्या ढेकूण) मुंग्यांची रांग कायमचीच. व्हिडिओत बघितलं, एक माशी मुंगीचं डोकंच पाडते. हजारो मुंग्यांतून ती नेमकी कुठली धरायची हे ठरवते कसं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

उत्तर : ही फोरिड माशी, स्युडॅक्टिऑन, हिच्या बऱ्याच जाती मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या, जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या, आणि मुख्यतः फायर अँट या झोंबरा डंख मारणाऱ्या मुंग्यांच्या मागे लागतात. पहिलं काम वासाचं. वारूळ डिवचलं की मुंग्या धोक्याचा जो वास सोडतात त्यावरच ही येते, म्हणजे हाक मारायची मदतीला आणि हजर व्हायचा वैरी! जवळ आली की साइज बघते, काही जातींना बारक्या कामकरी मुंग्या चालतात, काहींना मोठ्याच लागतात, आणि गंमत म्हणजे मोठ्या मुंगीतून बहुतेक मादी माशी निघते, बारकीतून नर. मग क्षणात छातीत अंडं टोचलं की झालं. अळी सरकत डोक्यात जाते, आतलं खाते, डोकं गळून पडतं आणि त्याच रिकाम्या डबीत तिचा कोष. माशी दिसली तरी मुंग्या काम टाकून लपतात. अमेरिकेत फ्लोरिडात १९९७ला मुद्दाम सोडल्या त्या यासाठीच. तुम्ही मात्र आधी मिलीबग आवरा, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठीच येतात.