स्टर्लिंगच्या 'सिंगल' या इंग्लंडमधल्या वाफेच्या रेल्वे इंजिनाला आठ फुटी चाकं कशासाठी होती आणि ही इंजिनं किती काळ धावली?

पिस्टनची धावपळ न वाढवता वेग मिळावा म्हणून. आणि 1870 पासून 1916 पर्यंत ती धावली. चाकाचा व्यास 8 फूट 1 इंच, म्हणजे एका फेरीत गाडी सुमारे 25 फूट पुढे. त्या काळचं वंगण आणि झडपा पाहता हा फार शहाणा उपाय होता. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे इंजिन-अभियंता पॅट्रिक स्टर्लिंग यांच्या आराखड्यावर डॉनकास्टरच्या कारखान्यात अशी 53 इंजिनं बांधली गेली. लंडनहून स्कॉटलंडला लवकर पोहोचण्याच्या रेल्वे कंपन्यांच्या 1895 च्या शर्यतीतही ती लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून यॉर्कपर्यंत सुसाट धावली. मात्र चालक चाकांची जोडी एकच, त्यामुळे जड गाडी ओढताना चाकं जागीच घसरत. डबे जड झाले तशी 1898 पासून स्टर्लिंग यांच्या जागी आलेल्या आयव्हॅट यांची, चालक चाकांच्या दोन जोड्यांची 'अटलांटिक' इंजिनं पुढे आली. पहिलं, 1 नंबरचं इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे.